साखळीशेडचं रेगे

पोस्टरवरची ती ओळ मी लिहिली होती, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर वहिनी सांगेल, आणि तिच्या तोंडून ऐकलंत तर माझं काही खरं नाही. 'कानाचे पडदे फाटले तर आम्ही जबाबदार नाही!' अशी लाल ठळक अक्षरं, खाली आमच्या बँडचं नाव आणि धक्क्याजवळच्या मैदानाचा पत्ता. ओळ सुचली तेव्हा मी स्वतःवर इतकी खूश होते की दोन दिवस भेटेल त्याला ऐकवत होते. सहा वर्षांनी तेच पोस्टर कंपनीच्या चौकशीच्या टेबलावर आलं. प्लास्टिकच्या पिशवीत, वर 'पुरावा क्रमांक एक' अशी चिठ्ठी चिकटवून, माझ्या भावाच्या समोर.

गोदीला लागून आमची साखळ्यांची शेड आहे. नांगराच्या साखळ्या तिथे दुरुस्तीला येतात, एकेक कडी माणसाच्या मांडीएवढी. झिजलेली कडी तोडायची, नवी लाल तापवून अडकवायची आणि घणाने ठोकून बंद करायची. दादा तिथे एकोणीस वर्षं घण मारतोय. मी त्याच शेडमध्ये वर, क्रेनच्या केबिनमध्ये बसते. नव्या माणसाला आमच्याकडे पहिल्याच दिवशी शिकवतात, की एक डोळा कामावर ठेवायचा आणि एक वर क्रेनवर. बाहेरचे लोक याला शिस्त म्हणतात.

त्या दिवशी मी साखळीचा गुंडाळा घेऊन निघाले आणि दादा वाटेत पाठमोरा उभा होता. कडी नीट बसत नव्हती, म्हणून त्याचे दोन्ही डोळे कामावर. मी भोंगा दिला. पुन्हा दिला. तिसऱ्यांदा दिला तो हात न उचलताच. बाकीचे कधीच बाजूला झाले होते. मी ब्रेक मारला, पण साखळी झुलली ती झुललीच, आणि तिचं टोक दादाच्या खांद्याला लागून तो कोळशाच्या ढिगावर पडला. उठला, वर बघितलं आणि सगळ्यांच्या देखत मला ओरडला, "भोंगा कुठे गेला तुझा?"

नियमाप्रमाणे अपघाताचा कागद मलाच भरावा लागला. मी खरं लिहिलं. कंपनीच्या डॉक्टरने त्याच्या कानांवर यंत्र लावलं आणि आवाज आला की बटण दाब म्हणून सांगितलं. दादा बटणावर बोट ठेवून बराच वेळ बसून राहिला. मग पत्र आलं. 'सदर कर्मचाऱ्याने कर्कश संगीताच्या वैयक्तिक छंदापायी आपली श्रवणशक्ती गमावली असून ती बाब लपवून ठेवून सहकाऱ्यांचे जीव धोक्यात घातले.' म्हणजे बडतर्फी. तोंडी मात्र निरोप असा, की हे मान्य आहे म्हणून सही करून दिलीस तर गोदामात बसून करायचं काम देऊ.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

वाजवणं आमच्या घरात कसं आलं ते सांगते, म्हणजे राग कशाचा ते कळेल. बाबा त्याच शेडमध्ये मिस्त्री होते. मी चार वर्षांची असताना एक जहाज धक्क्याला लागलं आणि त्याचा मालक परागंदा झाला. खलाशी अकरा महिने इथेच अडकले. त्यांच्यातला स्वयंपाकी, सगळे त्याला लांब्या म्हणायचे, ज्या बेटावर रेगे संगीत जन्माला आलं तिथला होता. जहाजावर शिजवायला काही उरलं नाही तेव्हा तो शेडच्या दाराशी येऊन बसायला लागला. भट्टीची ऊब होती, आणि दुपारी कुणी ना कुणी डब्यातला घास पुढे करायचं. त्याच्याजवळ एक गिटार होती आणि बुटांच्या खोक्यात भरलेल्या कॅसेटी.

आता कामाची पद्धत अशी, की घणवाला घाव घालतो आणि दोन घावांच्या मधल्या रिकाम्या जागेत मिस्त्री छोट्या हातोडीने ऐरणीवर टिचकी देतो. पुढचा घाव कुठे, किती जोरात, कधी थांबायचं, सगळं त्या टिचकीत असतं. आवाज मोठा घणाचा, पण काम चालतं टिचकीवर. लांब्या तीन दिवस नुसता ऐकत बसला. चौथ्या दिवशी त्याने गिटार काढली आणि बाबांच्या टिचकीवर बरोबर तारा छाटल्या. घण, छाट. घण, छाट. बाबांना वाटलं हा माणूस आपली टिंगल करतोय. त्यांनी मुद्दाम एक टिचकी उशिरा दिली. लांब्यानेही तेवढीच उशिरा छाटली, आणि सगळी शेड हसायला लागली.

लांब्याची भाषा कुणाला येत नव्हती आणि आपली त्याला. एका गाण्याचा अर्थ त्याने हातवारे करून सांगितला होता. एकाच्या पाठीवर पोतं, दुसऱ्याच्या हातात चाबूक, आणि गातोय तो पोतंवाला. शेडला एवढं पुरलं. जहाज भंगारात गेलं, लांब्या आपल्या बेटावर परतला, पण जाताना कॅसेटींचं खोकं बाबांना देऊन गेला. गाणी त्याच्या मुलखाची होती, त्यात वाद नाही. पण ठोका आमच्या लोकांच्या मनगटात आधीच होता, म्हणून ती इथे रुजली. नाहीतर वाऱ्याने उडून येणारी बी काय थोडी असते?

मग आपल्या शब्दांत गाणी झाली. बाबांच्या वेळची एक ओळ अजून सगळ्यांना पाठ आहे. 'मुकादमा, हाक नको मारू, कान माझे तुझ्या भट्टीत पडले.' लोक हसत हसत म्हणायचे. पण गाणं संपलं की विषयही संपला. आमच्या शेडमध्ये कुणीच बहिरं नसतं. समोरच्याचं कळलं नाही की मान हलवायची. बायकोने दोनदा विचारलं तर 'तोंडात काय धरलंयस, नीट बोल' म्हणून तिच्यावरच खेकसायचं. ऐकू येत नाही असं कबूल केलं की घणावरून हात काढून घेणार, हे सगळ्यांना माहीत. त्यामुळे अळीमिळी गुपचिळी. कानात घालायची बोंडं कंपनीने दिली नव्हती असं नाही. वर्षातून दोनदा, सरकारी तपासनीस येणार त्या सकाळी वाटायची आणि संध्याकाळी मोजून परत घ्यायची.

दादा आणि मी वाजवायला लागलो तेव्हा आमच्या समोर पहिल्या रांगेत कोण बसायचं? बाबा, बाबांचे जोडीदार, शेडमधले झाडून सगळे काका. आणि दर गाण्याला ओरडायचे, "वाढव! अरे वाढव!" आम्ही वाढवला. मग दादाने गिटारला तो भरड, चिरका आवाज लावला, कारण साधी तार त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हती. माझ्या बेस गिटारच्या स्पीकरचा डबा तर मी जमिनीवर आडवा ठेवायचे. काका लोक चपला काढून त्याच्याजवळ पाय ठेवून बसायचे आणि तळव्यांनी ऐकायचे. पुढे कुणी शिकलेल्या माणसाने सांगितलं की याला रेगे रॉक म्हणतात. म्हणोत बापडे. आम्ही ते बहिऱ्या बापांना ऐकू जावं म्हणून केलं होतं.

हे सगळं माहीत असून मी ती ओळ पोस्टरवर लिहिली. हुशारी दाखवायची खाज, दुसरं काय. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घेतला, आणि तोही भावाच्या पायावर.

पत्र आलं त्या संध्याकाळी वहिनीने माझ्यासमोर चहाचा कप आदळला. वहिनी रागावली की मला 'वन्सं' म्हणते, एरवी नावाने हाक मारते.

"वन्सं, तुम्ही लिहायचं आणि आम्ही भोगायचं, असं ठरलंय का?"

"सही करू देऊ नकोस त्याला," मी म्हटलं.

"का? गोदामात बसेल, सावलीत. खांदा फुटायचा वाचेल."

"खोटं आहे ते."

"खरं सांगून कुणाचं पोट भरलंय? तुमचं तोंड चालतं, त्याचं नाही. तो नाही भांडू शकत."

दादा मध्ये बसून आमच्या तोंडांकडे बघत होता. या तोंडावरून त्या तोंडावर, पोरगं चेंडूकडे बघतं तसा. घरात आम्ही त्याच्याविषयी भांडत होतो आणि त्याला निम्मं कळत नव्हतं. मला त्या क्षणी कंपनीचा नाही, आमचाच राग आला. मी त्याच्या समोर जाऊन बसले आणि सावकाश विचारलं, "कधीपासून?"

"घण धरला त्याच्या चौथ्या-पाचव्या वर्षापासून शिट्टी वाजते आत. मग हळूहळू गेलं."

"चौथ्या वर्षी तुझ्याकडे गिटार होती?"

"होती. प्लग लावायची नव्हती." तो हसला. "सही करतो गं मी. संपवू दे त्यांना. दमलोय."

"तू सही केलीस तर शेडमधल्या प्रत्येकाला उद्या हेच पत्र येईल. ज्याच्याकडे गिटार नाही त्याच्या घरात रेडिओ निघेल. आणि पुरावा म्हणून तुझीच सही दाखवतील."

त्याने वहिनीकडे बघितलं. वहिनीने कप उचलला, सांडलेला चहा फडक्याने पुसला आणि म्हणाली, "चौकशीला जा. सही नंतरही करता येते."

चौकशीच्या खोलीत गार हवा होती आणि दार लावलं की बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. असली खोली यांना बांधता येते, बघा. टेबलामागे तिघं होते: शेडचा मॅनेजर, कंपनीचा डॉक्टर आणि कामगार विभागाच्या बाई. दादाच्या वतीने बोलायला मला बसू दिलं होतं. युनियनचा सेक्रेटरी येणार होता, त्याला ऐन वेळी ताप आला.

मॅनेजरने पोस्टर पुढे सरकवलं. "हे तुमचंच?"

"माझं आहे. मी लिहिलंय. त्याचं नाही."

"म्हणजे कानाचे पडदे फाटतील एवढा आवाज असतो, हे तुम्हाला मान्य आहे."

"साहेब, तुमच्या साबणाच्या खोक्यावर लिहिलेलं असतं की चेहरा चंद्रासारखा उजळेल. उजळला का तुमचा?"

बाईंनी हसू दाबलं. मॅनेजरने दाबलं नाही, कारण त्याला आलंच नव्हतं. मी मुकादमाच्या गाण्याची ओळ म्हणून दाखवली आणि सांगितलं की हे गाणं दादा शाळेत होता तेव्हाचं आहे. कान आधी गेले, मग आम्ही आवाज वाढवला. तुम्ही गाडा बैलाच्या पुढे जुंपताय.

"गाणं म्हणजे पुरावा नव्हे," मॅनेजर म्हणाला.

"आणि पोस्टर म्हणजे?"

डॉक्टर तेवढ्यात म्हणाला, की शेडमधल्या दुसऱ्या कुणाचीही अशी तक्रार आजवर आलेली नाही. रजिस्टर कोरं आहे. घणामुळेच कान जात असते तर सगळ्यांचेच गेले असते, नाही का? बोलताना तो माझ्याकडे मोठ्या समजूतदारपणे बघत होता. मी टेबलाखाली मुठी आवळल्या, कारण त्या टेबलावर ठेवल्या असत्या तर आणखी एक चौकशी लागली असती. बाई म्हणाल्या, "तुमचे कुणी साक्षीदार असतील तर गुरुवारी घेऊन या. नाहीतर त्या दिवशी निकाल देऊ."

तीन दिवस मी शेडमधल्या एकेकाला धरलं. जेवणाच्या सुट्टीत, अंघोळीच्या नळावर, गेटवर. प्रत्येकाने मान हलवली. आधी वाटलं होकार आहे. मग लक्षात आलं की ही तीच मान आहे, न ऐकता हलवायची. मी समोर उभी राहून, तोंड मोठं करून पुन्हा सांगितलं, तेव्हा एकेकाचे डोळे चुकायला लागले.

"माझे कान उत्तम आहेत," दादाचा जोडीदार म्हणाला. हा माणूस पंधरा वर्षं दादाच्या समोर उभा राहून घण मारतो. दोघांचे घाव आळीपाळीने पडतात.

"मग मी आत्ता मागून काय म्हटलं?"

"मला नाही आवडत असलं. पोरांची शिक्षणं आहेत."

मी त्याला काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. त्याला ऐकू आलं नाही एवढं बरं झालं. पण घरी येऊन मी ते सगळं बाबांना ऐकवलं, म्हणजे पाटीवर लिहून दाखवलं, कारण राग कुठेतरी काढायचा होता. 'तुमच्या सगळ्या पिढीने मुगाचं पोतं गिळलंय. गाण्यात फुशारक्या, आणि वेळ आली की शेपूट आत.' बाबांनी ती पाटी दोनदा वाचली. चष्मा पुसला आणि चपला घालून बाहेर पडले. मला वाटलं रुसले.

बुधवारी पाळी सुटली तेव्हा ते गेटसमोरच्या चहाच्या गाडीवर उभे होते. शेडमधली माणसं त्यांना अजून मिस्त्री म्हणतात, वाटेत दिसले की थांबतात. दहा-बारा जण जमले. बाबा बाकावर चढले. सत्तरीचा माणूस, गुडघे धरलेले, चढताना गाडीवाल्याचा खांदा धरावा लागला. मग त्यांनी हाताने आपले दोन्ही कान धरले आणि ज्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही ती माणसं बोलतात तसं, फार मोठ्याने, बोलले.

"मला ऐकू येत नाही! तीस वर्षं झाली. नातवंडांचा आवाज मी ऐकलेला नाही. हिची आई गेली तेव्हा शेवटचं काय बोलली ते मला माहीत नाही. मी मान हलवली. गाण्यात म्हणालो. बोललो नाही. आज बोलतोय."

रस्त्यावरचे लोक वळून बघत होते. मी कधीही बाबांना असं बघितलं नव्हतं आणि मला ते बघवेना. आई शेवटी काय बोलली ते मला माहीत होतं. त्यांनी मान हलवलेली मी बघितली होती, आणि कळलं असेल असं समजून गप्प बसले होते. दादाच्या जोडीदाराने बाबांना हात देऊन खाली उतरवलं. कुणी काही कबूल केलं नाही. चहा पिऊन सगळे आपापल्या वाटेने गेले.

गुरुवारी खोलीत दादा, मी आणि ते तिघं. मॅनेजरने घड्याळ बघितलं. "साक्षीदार?"

"नाहीत," असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. दादाने खिशातून पेन काढून टेबलावर ठेवलं होतं, सहीसाठी. तेवढ्यात शिपायाने दार उघडून सांगितलं की बाहेर बरीच माणसं आली आहेत.

आम्ही सगळे उठून दारात गेलो. लांबलचक वऱ्हांडा, एका बाजूला खिडक्यांची रांग, आणि खिडक्यांपाशी आमची अख्खी पहिली पाळी उभी. चौतीस माणसं. खाली शेड दिसत होती. घण थांबले होते, धुराड्यातून धूर नव्हता. शेड अशी गप्प असलेली कुणी कधी बघितली नव्हती, म्हणून सगळे आमच्याकडे पाठ करून तिच्याकडेच बघत होते.

"कोण बोलायला येतंय आधी?" बाईंनी विचारलं.

कुणी वळलं नाही.

"अहो, पुढचा कोण? आत या!"

चौतीस पाठी. एकाने मानेवरची माशी हाकलली. डॉक्टरने घसा खाकरला आणि चांगल्या मोठ्या आवाजात म्हटलं, "इकडे बघा, तुमची साक्ष घ्यायची आहे!" शिपाई दचकला. बाकी कुणी नाही. डॉक्टरचा चेहरा मी नीट बघून घेतला. बाई हातातल्या फाईलकडे बघत राहिल्या.

मॅनेजर मात्र भडकला. कामं सोडून माणसं वर आली होती, ते त्याला सहन होईना. "कोणाला विचारून भट्टी बंद केली? ए! ऐकू येत नाही का?" त्याचा आवाज वऱ्हांड्याच्या त्या टोकाला जाऊन परत आला.

दादा माझ्या शेजारी उभा होता. त्याला मॅनेजरचं तोंड हललेलं दिसलं असेल. मग त्याने त्या पाठींकडे बघितलं, जोडीदाराच्या, बाकी सगळ्यांच्या, आणि तो रडायला लागला. आवाज न करता, तोंड उघडं ठेवून.

"यातला एकही जण गिटार वाजवत नाही, साहेब," मी म्हटलं.

मॅनेजर पांढरा पडला होता. माझ्या जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "सांगा त्यांना. आत्ताच्या आत्ता खाली जा म्हणावं."

"तुम्हीच सांगा की," मी म्हटलं.